गोलपोस्टाखालचं गाऱ्हाणं

आबांच्या बाराव्याला जेवायला बसलो होतो तेव्हा शेजारच्या पानावरचे एक गृहस्थ मला म्हणाले, "तुमचे कोण लागायचे हो हे?" काका म्हणावं तर काका नव्हते. कोच म्हणावं तर त्या माणसाला जन्मात कधी धड कॉर्नर मारता आला नाही. शेवटी म्हणालो, "आमचं गाऱ्हाणं घालायचे." गृहस्थ कोकणातले नसावेत. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि वाढप्याला हाक मारून वरण मागितलं.

त्यांचा तरी काय दोष! गाऱ्हाणं म्हणजे काय हे कोकणाबाहेर कुणाला सांगायचं तर पंचाईतच. आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आधी एक जाणता माणूस नारळ हातात घेऊन उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. काय हवं, काय नको, कुणाला सांभाळायचं, काय चुकलं असेल तर पोटात घाल. अगदी सरळ, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. त्याचं एकेक वाक्य संपलं की मागे उभे असलेले सगळे एका सुरात ओरडतात, "व्हय म्हाराजा!" लग्न असो, पेरणी असो, गणपती असो, गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. आबांनी ते फुटबॉलला लावलं, एवढंच.

नाहूरला आमच्या चाळींच्या मागे एक मैदान होतं. मैदान कसलं, माती आणि दोन्ही टोकांना गंजके खांब. आबा गिरणीतले. गिरणी बंद पडली तसे मुलुंडच्या एका कारखान्यात गेटवर बसायला लागले आणि उरलेला सगळा वेळ आमच्या क्लबात. कबड्डी सोडून हा माणूस फुटबॉलकडे कसा वळला हे कोडंच होतं. विचारलं की म्हणायचे, "कबड्डीत एक जातो, बाकीचे बघतत. क्रिकेटात तर दहा जण उन्हात करपतत नि एकटो खेळता. फुटबॉलात कसा, सगळे धावतत. बॉल असो, नसो, धावतत. माणसान असा रवाक होया." माणसाने असंच राहायला हवं म्हणे. पटलं तर घ्या, नाही तर सोडा.

ऑफसाइडचा नियम त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही. "पुढे गेलो ह्यो गुन्हो?" असं ते रेफरीला तोंडावर विचारायचे. रेफरी नवा असला तर समजवायला जायचा आणि फसायचा. जागांची नावंही त्यांची स्वतःची. गोलकीपर म्हणजे राखणदार. गावच्या वेशीवर रात्री फिरून गावाला सांभाळणारा देव असतो ना, तो. मी फॉरवर्डला खेळायचो, म्हणून मी 'पुढचो'. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही देव जाणे. आईने मला पहिल्यांदा त्यांच्याकडे नेलं तेव्हा म्हणाली होती, "आबा, बापाविना पोर आहे. तुमच्या हवाली करतेय, सांभाळा." आबांनी मला वरून खाली न्याहाळलं आणि एवढंच म्हणाले, "पुढे धाव रे." झालं माझं बारसं.

हाफटाइमला दुसऱ्या संघांची पोरं रंगीत बाटल्या तोंडाला लावायची. आम्ही गोल बसून स्टीलच्या वाट्यांतून पेज प्यायचो. उकड्या तांदळाची, मिठाची, सोबत लिंबाचं लोणचं. काकी म्हणजे आबांची बायको सकाळी उठून ती करायच्या आणि आबा तो भला मोठा डबा फडक्यात बांधून मैदानावर आणायचे. लोक हसायचे. अंधेरीच्या एका संघाने तर एकदा आमचा फोटो काढून सगळीकडे फिरवला. आबांना तो दाखवला तर म्हणाले, "डबो बरो दिसता." त्या माणसाला चिडवणं फुकट होतं यार.

पण सगळ्यात मोठी मजा मॅचच्या आधी. कुठल्याही नव्या मैदानावर पोचलो की आबा पहिल्यांदा विचारायचे, "कोकण खंयच्या बाजूक?" कुणीतरी सूर्य बघून हात करायचा. मग जो गोलपोस्ट त्या अंगाला असेल त्याच्याखाली आबा नारळ घेऊन उभे राहायचे, गावच्या देवाकडे तोंड करून. मागे आमची अख्खी टीम. त्यात नाहूरचे मालवणी होतेच, पण एक गुजराती होता, दोन मुसलमान भाऊ होते, आणि आमचा राखणदार डॉमनिक. हा मनोरीचा कोळी ख्रिश्चन. पहाटे बोटीने मार्वेला उतरून, तिथून बस, मग गाडी, असा अर्ध्या मुंबईला वळसा घालून खेळायला यायचा. त्याच्या गावात चांगले संघ असताना इथे का मरायला येतोस, विचारलं तर म्हणायचा, "ते 'व्हय म्हाराजा' बोलायला जाम मजा येते रे." सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

आबा डोळे मिटायचे. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां खेळाक इली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या पायात बळ दी. रेफरीक डोळे दी."

"व्हय म्हाराजा!"

"समोरची पोरां पण कोणाची तरी लेकरां आसत. तेंका पण सांभाळ."

"व्हय म्हाराजा!"

"आणि चलत इले आसत, तशे सगळ्यांक चलत घराक जाव दे रे म्हाराजा!"

हे शेवटचं. यावर आमचा 'व्हय म्हाराजा' असा उठायचा की बाजूच्या बिल्डिंगीतून लोक खिडकीत यायचे. मग नारळ फोडायचा. एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, आम्हाला, एक समोरच्या संघाला. ती पोरं आधी संशयाने बघायची, मग खायची.

'जिंकू दे' असं आबा कधीच म्हणाले नाहीत. आम्ही पाठी लागायचो. "आबा, सरळ मागून टाका ना. एक कप. काय जातं त्याचं?" आबा म्हणायचे, "जिंकूचा तुमी बघा. ता तुमचा काम. देवाक त्येच्या कामाचा सांगाचा." आणि आम्ही हरायचो. कधी पहिल्या फेरीत, कधी दुसऱ्या. उपनगरातल्या खालच्या गटातल्या संघांची ती स्पर्धा, पेपरात दोन ओळीसुद्धा यायच्या नाहीत. पण आम्हाला तो चषक म्हणजे काय वाटायचा हे आज सांगूनही कळायचं नाही. आबांनाही तो हवा होता. ते बोलायचे नाहीत, पण बक्षीस समारंभात टेबलावर ठेवलेल्या त्या चषकाकडे टक लावून उभे राहायचे.

आणि एका वर्षी आम्ही फायनलला पोचलो. कसे पोचलो विचारू नका. डॉमने सेमीफायनलला दोन पेनल्टी अडवल्या आणि माझा एक गोल चक्क पाठीला लागून गेला. नाहूरमध्ये नुसता कल्ला. त्यातून मला एका बँकेच्या संघाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं होतं. निवड झाली तर नोकरी पक्की. आईने देवापुढे पेढे ठेवून टाकले होते, आधीच. काकी सांगायच्या, त्या आठवड्यात आबा जेवता जेवता उठून गॅलरीत जायचे आणि परत येऊन बसायचे. "ह्येंचाच लगीन ठरल्यासारखा चल्ला हा," काकी म्हणाल्या.

फायनल घाटकोपरला होती. आबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. कोकण खंयच्या बाजूक, हे त्यांनी दोनदा विचारलं. गोलपोस्टाखाली उभे राहिले, डोळे मिटले, आणि "बा देवा म्हाराजा" म्हटल्यावर थांबले. मग एकदम फुटलेच. "म्हाराजा, इतकी वर्सां काय मागूक नाय. आज मागतंय. ह्यो चषक ह्या पोरांक दी. उपाशीतापाशी खेळली, लोकांची हसणी खाल्ल्यानी, आज तेंची मान वर होव दे. चषक दी रे म्हाराजा, चषक दी!" त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. आम्हीही वेडेपिसे झालो. "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" डॉमचा तर घसा बसला. त्या जोशात आबांनी नारळ उचलला आणि फोडला.

चलत घराक जाव दे, हे राहिलं. कुणाच्याच लक्षात आलं नाही. डॉमच्या मोबाइलवर ते सगळं रेकॉर्ड झालंय. मी नंतर बघितलंय. चषक, चषक, चषक, आणि खाडकन नारळ.

मॅच संपता संपता डॉमने लांब फेकलेला बॉल मला मिळाला. एका बॅकला मागे टाकलं. समोरचा गोलकीपर पुढे धावत आला. मी बॉलला टोक लावलं आणि त्याच क्षणी तो आडदांड गडी गुडघ्यांनिशी माझ्या नडगीवर कोसळला. आवाज मला ऐकू आला नाही, बाकी सगळ्यांना आला म्हणतात. मी आडवा पडून बघत होतो, बॉल हळूहळू, अगदी निवांत, गोलात गेला. आम्ही जिंकलो. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. स्ट्रेचर. डॉम रडतोय. आणि आबा माझ्या उशाशी, पांढऱ्याफटक तोंडाने, स्वतःशीच पुटपुटतायत, "सांगूक इसारलंय. मी सांगूक इसारलंय रे."

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आत रॉड घातला, जखम चिघळली, रॉड काढला, पुन्हा घातला. वाट लागली पायाची. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड झाला तो झालाच. चाचणी गेली, नोकरी गेली, फुटबॉल तर गेलाच. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आई आबांना बोलली. "तुमच्या हवाली केला होता ना हो?" एवढंच. नंतर तिला फार वाईट वाटलं, ती माफी मागायलाही गेली, पण तोंडातून गेलेला शब्द परत घेता येतो का?

मला राग आला नव्हता? आला होता. नशिबाचा आला, त्या गोलकीपरचा आला, रॉडचा आला, बँकेचा आला. रात्री उशीत तोंड खुपसून रडलोय मी. पण आईशप्पथ सांगतो, आबांचा राग मला एकदाही आला नाही. चोवीस वर्षांचा होतो, मोबाइल वापरत होतो. गाऱ्हाण्यातलं एक वाक्य राहिलं म्हणून नडगी मोडते, यावर माझा काय विश्वास? पण आबांचा होता. आणि मोडली होती.

मी घरी अंथरुणावर होतो ते सगळे महिने काकी रोज पेज घेऊन यायच्या. एकट्या. मी विचारायचो, "आबा कुठेत?"

"खाली उभे आसत. वर येवक सांगलंय तर म्हणतत गुडघो दुखता."

मी खिडकीपर्यंत सरकून ओरडायचो, "ओ आबा! या ना वर!" आबा खाली जिन्याशी कुणाच्यातरी स्कूटरचं चाक निरखत उभे असायचे. वर बघायचे नाहीत. काकी खाली उतरल्या की दोघं निघून जायची.

त्या दिवसापासून आबांनी गाऱ्हाणं घातलं नाही. क्लबात यायचं बंद केलं. चाळीच्या गणपतीपुढे सगळे हात जोडून उभे राहिले आणि आबांची वाट बघत बसले, आबा घरात दार लावून. गावच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे असलेला गाऱ्हाण्याचा मान त्यांनी चुलत भावाला देऊन टाकला. चषक क्लबाने त्यांच्याकडेच ठेवायला दिला होता, तो त्यांनी माळ्यावर टाकला. काकींनी शेवटी त्यात सुक्या मिरच्या भरल्या.

मी चालायला लागलो तेव्हा मला वाटलं, आता तरी निवळतील. उलटंच झालं. माझं चालणं म्हणजे एक पाऊल टाकायचं आणि एक ओढायचं. लांबूनही ओळखू यावं असं. आबा चहाच्या टपरीवर पाठमोरे बसलेले असले तरी ते पाऊल त्यांना कळायचं. अर्धा ग्लास टाकून उठायचे. रस्ता ओलांडायचे. पुढे माझं लग्न झालं, औषधांच्या एका गोदामात नोकरी लागली, पोरगी झाली. पोरीला ते हाक मारून खाऊ द्यायचे, जवळ घ्यायचे. मी दिसलो की पळ.

एकदा मी त्यांना गाठलंच. मैदानाच्या कडेला एकटे बसले होते. तिथे आता टॉवरचे पत्रे लागले होते, पण एक गोलपोस्ट अजून उभा होता. त्यांनी उठायच्या आत मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "आबा, हे काय चाललंय? पाय माझा मोडला. राग यायचा तर मला यायचा. मला नाही आलेला. तुम्ही कशाला उरावर घेऊन बसलाय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुका नाय कळाचा, झिला."

"काय नाय कळायचं? अपघात होता तो. फुटबॉल आहे, हाडं मोडतात."

"मोडतत. माझ्या हातात आसताना कोणाचा मोडूक नाय होता. इतक्या वर्सांत एकाचा नाय. देव आयकता रे. मी मागितलंय ता देवान दिल्यान, चषक दिल्यान. नाय मागितलंय ता कित्याक दीत? देवाचा काय चुकला नाय. मी लोभात पडलंय." मग मान खाली घालून म्हणाले, "तुझ्या आयशीन तुका माझ्याकडे दिल्यान होतो. चलत दिल्यान होतो."

मी चिडलो. होय, चिडलो. "मग आता काय मरेपर्यंत माझ्याकडे पाठ करणार?" आबा उठले आणि पत्र्याच्या कडेकडेने निघून गेले. मी तिथेच बसून राहिलो. मला ते हवे होते हो. बाप नसलेल्या पोराला दुसऱ्यांदा बाप जावा आणि तो चांगला जिवंत रोज समोरून रस्ता ओलांडत असावा, याला काय म्हणायचं?

परवाच्या उन्हाळ्यात काकींचा फोन आला. आबा मुलुंडच्या हॉस्पिटलात होते. छाती भरली होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. "बोलनत नाय कोणाशी," काकी म्हणाल्या. "पेज पण नको म्हणतत. तू ये रे बाबा. पळान जावची ताकद नाय आता तेंच्यात." एवढ्या दुःखातही काकी त्या वाक्याला हसल्या, आणि मग रडल्या.

मी डॉमला कळवलं. दुपारी भेटायच्या वेळेला मी पोचलो तर तो मनोरीहून येऊन दारातच उभा होता, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. हॉस्पिटलात! म्हणे रिकाम्या हाताने कसा येऊ. आम्ही आत गेलो. आबा केवढेसे झाले होते. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. माझं पाऊल ऐकलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

काकी वाटी घेऊन तशाच उभ्या. डॉम खिडकीतून बाहेर बघायला लागला. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "आबा, कोकण खंयच्या बाजूक?"

मग चादरीवरचं एक बोट हललं. खिडकीच्या जरा उजवीकडे.

मी त्या बाजूला तोंड करून उभा राहिलो. नारळ नव्हता. बाजूच्या खाटेवरच्या प्लास्टर घातलेल्या काकांच्या टेबलावर मोसंबं होतं, ते मागून घेतलं. माझं मालवणी म्हणजे आईकडून कानावर पडलेलं, मोडकंतोडकं. पण सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, तुझो माणूस हय पडलो हा."

"व्हय म्हाराजा," डॉम म्हणाला.

"आमका सगळ्यांक त्येणा सांभाळल्यान. आता तू त्येका सांभाळ."

"व्हय म्हाराजा." आता काकीही म्हणाल्या. सिस्टर दारात येऊन आवाज कमी करा म्हणून गेली.

"हय्‌च्या डॉक्टरांच्या हाताक गुण दी. त्येच्या छातीतला दुखणा घे. काय चुकला आसात तर..." इथे मी मोसंबं दोन्ही हातांनी धरलं. कसाबसा म्हणालो, "काय एक चुकूक नाय त्येचा. ह्या लक्षात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी प्लास्टरवाले काकासुद्धा म्हणाले.

आता शेवटचं राहिलं होतं. चलत घराक जाव दे. आबा चालत घरी जाणार नाहीत हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणावं कसं? आणि न म्हणता सोडावं कसं? मोसंबं हातात धरून मी नुसता उभा.

मागे खाट करकरली. वळून बघितलं तर आबांनी मास्क खाली ओढला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. ओठ हलले. श्वास पुरत नव्हता, एकेक शब्द वेगळा काढून ते म्हणाले, "ह्या... पुढच्याक... चलत... घराक जाव दे... रे म्हाराजा."

डॉमने एकट्याने 'व्हय म्हाराजा' म्हटलं. आबांनी वाटीतली दोन चमचे पेज घेतली, मग काकींनी मास्क परत लावला.

भेटायची वेळ संपली. गेटवर डॉम रिक्षाला हात करायला लागला, मी त्याचा हात खाली ओढला. "येडा झालास काय? या पायाने?" म्हणाला. मी म्हटलं, "तू जा. मी चालत जातो." मुलुंडहून नाहूर तसं काही लांब नाही, धडधाकट माणूस गप्पा मारत जाईल. मला उजेड संपेपर्यंत लागलं. नडगीतून कळा येत होत्या, एका दुकानाच्या पायरीवर बसलो, उठलो, परत चाललो. घराच्या दारात पोचलो तेव्हा घाम आणि डोळ्यांतलं पाणी एक झालं होतं. बायको काय झालं काय झालं विचारत होती, तिला थांब म्हटलं आणि आधी काकींना फोन लावला.

"काकी, आबा जागे आहेत?"

"आसत."

"त्यांना सांगा, पोचलो. चालत."

काकींनी फोन बाजूला धरला असावा. लांबून त्यांचा आवाज आला, "आयकलात? पोचलो तो. चलत पोचलो." मशिनची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. आबा दुसऱ्याच सकाळी गेले, पण ते मला तेव्हा काय माहीत? मी फोन कानाला दाबून उंबऱ्यात उभा होतो. जन्मभर गाऱ्हाणं त्यांनी घातलं आणि होकार आम्ही भरला, त्यांनी स्वतः तो शब्द कधी उच्चारलेला मी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. मास्कच्या आतून, अगदी हळू.

"व्हय म्हाराजा."